इंदूबाईच्या मयतीचं डफडं

ज्या दिवशी इंदूबाईनं आपल्या मयतीत काय वाजा लागते ते ठरोलं, त्या दिवशी तिच्या आंगनात इतके दात पडले का दुसऱ्या दिवशी कोंबड्या ज्वारीचे दाने समजून टिपत होत्या. एका कोंबडीनं म्हनतात दाढ गिळली, अन् तवापासून ते कोंबडी कुत्र्याले चावते. खोटं वाटत असन त अकोट-अंजनगावच्या रस्त्यावर उतरा अन् कोनालेही इचारा. गाव लहानच आहे, कुत्रं लंगडंच आहे.

पन भांडनाची सुरुवात दातापासून नाई झाली, अमरावतीच्या डॉक्टरपासून झाली. त्यानं इंदूबाईच्या छातीले नळी लावली, फोटो उजेडात धरून पायला अन् सांगतलं, "आजी, हृदय मोठं झालं तुमचं. जड उचलायचं नाही, धावपळ नाही, अन् रागवायचं तर बिलकूलच नाही."

"रागवू नको त दिवसभर करू काय?" इंदूबाई म्हने.

शहात्तर वर्सांची बुढी. आंग वाळल्या पऱ्हाटीवानी, पन हात असे का नारळ गुडघ्यावर फोडे अन् गुडघ्याले इचारतही नसे. परत येताना तिकीट गावाचं काढलं होतं, पन अंजनगाव सुर्जीले एसटी थांबली अन् बुढी उतरली. थेट गजेंद्रच्या घरी. गजेंद्रची डफड्याची पार्टी. लग्न असो, पोळा असो, निवडनुकीचा गुलाल असो, डफडे अन् ताशा घेऊन गजेंद्र हजर.

"मयतीत वाजवशीन का?"

"वाजवतो ना काकू. कोन गेलं?"

"मीच."

गजेंद्रनं पयले तिचे पाय पायले, उलटे त नाई. सुलटे दिसले तवा खाट टाकली. "बसा मंग. च्या घेसान?"

"च्या राहू दे. आयतवारी घरी येजो. एक-एक चाल वाजवून दाखवजो. मी निवडीन."

आता त्या गावाची रीत अशी का भजनी मंडळाच्या घरचं कोनी मेलं, त मंडळ त्याले टाळ-मृदंग वाजवत नेते. मोठा मान आहे तो. मेलेल्याले कोनी इचारत नाई. इंदूबाईचा नवरा किसनराव मंडळाचा मोठा बुवा होता. तो गेल्यावर वीणा गळ्यात घातली त्याच्या लहान्या भावानं, केशवरावनं. म्हंजे इंदूबाई टाळावर जाईन, हे गावानं कवाचंच धरून ठेवलं होतं.

अन् इंदूबाईले टाळ नको होता. जीव गेला त चालन, पन टाळ नको.

काहून, त आयका.

किसनरावचा गळा असा गोड का त्यानं अभंग लावला म्हंजे भाकड म्हशी पान्हवत. अन् हात? दिवेलागनीले मंदिरातून आला का पयले पाय धुवे, मंग खुंटीवरून बैलाचा कासरा काढे अन् दुहेरी करे. भाजीत मीठ जास्त झालं त मारे. कमी झालं त मारे. बरोबर झालं त म्हने, आज कोनाले इचारून टाकलं? अन् मारे. एका उन्हाळ्यात तिच्या फासोळ्या मोडल्या, एका पावसाळ्यात डाव्या कानाचा परदा फाटला. पाठीवर वळ असे का वावरात तास पाडल्यावानी.

दोन घराइच्या मधात एकच भीत, तिच्या पलीकडं केशवराव. वयनीचा पयला आवाज निंगाला का केशवराव टाळ घेऊन ओट्यावर बसे अन् जोरजोरानं वाजवे. भाऊ बुवा आहे, गल्लीले आयकू गेलं त मंडळाची अब्रू जाईन! गल्ली म्हने, काय मेहनत आहे पोट्ट्याची! इंदूबाई वरडे, टाळ वाजे. वरडनं मोठं झालं का टाळ मोठा होये.

अन् याच्याहून वाईट गोष्ट पुढंच आहे. इंदूबाईची एकुलती एक पोरगी भावना, तवा पाच-सहा वर्सांची. तिनं घरातलं पाहू नये म्हनून केशवराव तिले आपल्या ओट्यावर घेऊन जाये. तेवढा भला होता. तिच्या हातात टाळजोडी देऊन म्हने, "वाजव बेटा, काकापेक्षा जोरात वाजव." पोरगी जीभ दातात धरून वाजवे. तिकडं माय मार खाये, इकडं पोरगी टाळ वाजवे, खुशीत.

भावना आता अकोल्याले दवाखान्यात मोठी सिस्टर. काकानं टाळ शिकोला, हेच तिच्या लहानपनाचं सगळ्यात गोड. ते तिच्यापासून हिसकून घ्याची इंदूबाईची हिंमत नव्हती. मार खाल्ला, फासोळ्या मोडून घेतल्या, पन पोरीले हे सांगनं तिच्यानं झालं नाई अन् होनार नव्हतं. टाळ नको म्हना लागे, अन् काहून नको ते सांगता येत नसे. असा दोन्हीकून फास.

मंग डफडंच काहून? तेही सांगाच लागते.

एका पोळ्याची गोष्ट. तोरन तुटलं, सजवलेले बैल घरोघरी पुजाले निंगाले, इंदूबाईच्या दारात डफडं वाजून राहिलं. दाराशी घरचा बैल ढवळ्या उभा, शिंगाले लालभडक हिंगूळ. अन् आत किसनरावनं पुरन पातळ झालं म्हनून कासरा काढला. केशवराव भावनाले घेऊन तिकडं तोरनापाशी होता, पन टाळाची गरज काय! डफड्याखाली तोफ उडाली असती तरी कोनाले कळली नसती. हे किसनरावच्या ध्यानात आलं. इंदूबाईच्याही आलं, जरासं अगोदर.

कोपऱ्यात उभारी होती, बैलबंडीच्या बाजूले खोचतात ते बाभळीचं दांडकं. डफड्याची चाल अशी का एक ठोका जड, दोन हलके, मंग जड. इंदूबाईनं जड ठोक्यावर हानली. पयली मनगटावर, कासरा खाली पडला. दोन हलक्या खांद्यावर. मंग जड, नडगीवर, अन् नडगी तुराटीवानी कड्डकन् मोडली. हाड कातडं फाडून बाहेर आलं, पांढरं, रगतात भिजलेलं. किसनराव "मेलो वं माय!" म्हनून वरडे अन् बाहेर पोट्टे नाचत. लोक म्हनत, आज डफड्याले काय घुमारा आहे! इंदूबाईनं चाल तोडली नाई. जड, हलकी, हलकी, जड. बारा वर्सांचं साचलेलं होतं, लवकर कसं सरन?

मंग तिनं उभारी चुलीत सारली, दार उघडलं, किसनरावले ओढून ढवळ्याच्या पायापाशी टाकला अन् बोंब ठोकली, "ढवळ्यानं मारलं वं माय! माह्या मालकाले ढवळ्यानं मारलं!"

गावानं ढवळ्याचे शिंगं पायले. लाल! हिंगूळ आपनच लावला होता हे कोनाच्याच ध्यानात राहिलं नाई. ढवळ्या असा गरीब का पाठीवर माशी बसली त शेपूट हालवाच्या अगोदर इचार करे. त्याले मानूसमाऱ्या म्हनून अकोटच्या बाजारात विकला. अन् किसनराव? बायकोनं हानलं म्हनन्यापरीस बैलानं हानलं बरं. त्यानंच मंग गोष्ट वाढोली. ढवळ्यानं शिंगावर घेतलं, दोनदा कौलावर फेकलं, तिसऱ्यांदा वरच्यावर झेललं. मरेपर्यंत लंगडत चालला, अन् मरेपर्यंत बायकोवर हात उचलला नाई.

इंदूबाईले जाताना तीच चाल पायजे होती.

आयतवारी गजेंद्र आपले गडी घेऊन आला. बुढीनं आंगनात बाज टाकली, नवं लुगडं नेसून आडवी झाली, हात छातीवर, डोळे मिटले. "कर चालू. मेल्यावर कसं वाटते ते पाहू दे."

गजेंद्रनं लग्नाची चाल वाजोली.

"हट! आंगाले हळद लागल्यावानी वाटते."

गुलालाची वाजोली.

"मी काय सरपंच झाली का?"

मंग पोळ्याची वाजोली. बुढीच्या पायाचा आंगठा हालाले लागला, जड ठोक्यावर.

"हेच," ती म्हने.

"काकू, मयतीत पोळ्याची चाल? लोक मले हानतीन."

"तुले हानलं त मी तिरडीवरून उठून येईन. वाजव."

चैताचा महिना, पोळा कुठं अन् काय कुठं! पन बैलाले पंचांग कळते का? गावात आता ट्रॅक्टर जास्त, बैल थोडे, पन जेवढे होते तेवढ्याइनं कान टवकारले, दावे तोडले, अन् पोळा आला समजून पुरनपोळी खाले इंदूबाईच्या दारात हजर. बैलाइच्या मागं त्याइचे मालक, मालकाइच्या मागं केशवराव, गळ्यात वीणा, हातात टाळ, पाठीशी सारं मंडळ. अन् त्याच्या बाजूले भावना. काकानं फोन करून अकोल्याहून बलावली होती.

"वयनी, काय तमाशा लावला हा?"

"तमाशा नाई भाऊजी, मयत आहे. बसा."

"दादाची बायको डफड्यावर जाईन? अन् याच चालीवर? याच चालीवर त्या बैलानं दादाचा पाय मोडला!"

"म्हनूनच. लई आठोन येते मले त्या बैलाची."

मंडळातले एक-दोन बुढे खाली मुंडी घालून हासले. केशवरावनं त्याइच्याकडं पायलं तवा ते खोकलले.

भावना पुढं झाली. "आई, लोकांचं सोड. पण बाबा टाळावर गेले, तू पण टाळावर जा ना. काकांनी शिकवलं आहे मला, मी स्वतः वाजवीन तुझ्यापुढं. नको तर काहून नको, ते तरी सांग."

इंदूबाईनं डाव्या कानावर हात ठेवला. मंग म्हने, "कानाले दुखते."

"तू तर गेलेली असशील!"

"गेल्यावर जास्त दुखते."

केशवरावले सारं माहीत होतं. बुढी पोरीपुढं तोंड उघडनार नाई हेही माहीत होतं, अन् त्याच जोरावर तो छाती काढून उभा राहिला. "कारनच नाई तिच्यापाशी. असन त सांग ना वयनी! सांग साऱ्याइपुढं! नाई ना? वाजवा रे. डफडं बंद करा त्याचं."

अन् टाळ वाजाले लागले. तिच्याच आंगनात, तिच्या बाजीभोवती. फाटक्या कानातही घुसले. बुढीचे ओठ हालत होते, पन काय म्हनते ते कोनाले आयकू येत नव्हतं.

एका भजन्यानं गजेंद्रच्या डफड्यात लाथ घातली. कातडं फाटलं. गजेंद्रनं ते फाटकं डफडं उचललं अन् त्याच्याच मुंडक्यात घातलं, नवरदेवाले हार घातल्यावानी, अन् मंग हारासकट भितीवर आपटला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. मृदंगवाल्यानं मृदंग ताशेवाल्याच्या पाठीत हानला, ताशेवाला तोंडावर पडला, उठला अन् त्यानं काड्याइनं मृदंगवाल्याच्या थोबाडावर असा ताशा वाजोला का गालाची सालटं निंगाली. टाळ आता टाळ राहिले नव्हते. पितळेच्या दोन वाट्या, मधात कोनाचं तोंड सापडलं का दात खाली. एका भजन्यानं डफडेवाल्याचा कान चावून तोडला, अन् मंग ध्यानात आलं का आज एकादशी! उपास मोडला म्हनून तो रगताळलेल्या तोंडानं रडत बसला. पुरनपोळी भेटली नाई म्हनून बैलाइचंही डोकं फिरलं. एकानं एका मोठ्या गायकाले शिंगावर घेऊन निंबावर टांगला. तो दुपारपर्यंत उतरला नाई, वरूनच शिव्या देत होता, अन् म्हनतात शिव्याही सुरातच होत्या.

भावना मधात घुसून मानसं ओढत होती. "थांबा! मरेल कोणीतरी! काका, थांबवा यांना!"

पन काका बाजीपाशी पोचला होता. डोळे लाल. "दादाची अब्रू मेल्यावरही घेशीन का वं?" म्हने, अन् हातातला टाळ त्यानं इंदूबाईच्या कपाळावर हानला. पितळेची धार. कपाळ उघडलं, रगत दोन्ही डोळ्यात उतरलं.

डॉक्टरनं जड उचलू नको म्हनलं होतं. केशवराव काही जड नव्हता. बुढीनं त्याच्या गळ्यातली वीणेची दोरी धरली अन् पडल्या-पडल्याच बुवाले बाजीवरून पल्याड पलटोला. वीणेचा भोपळा फुटला, बुवाच्या पाठीखाली त्याचे तुकडे. तो उठाच्या आत बुढी त्याच्या छातीवर, गुडघा बरगड्याइत रुतलेला. मूठ वळली अन् दिली तोंडावर. वरचे दात गेले. आनखी दिली. खालचे गेले. ओठ फाटून लोंबाले लागला. मंग तिनं त्याचाच टाळ उचलला अन् धार त्याच्या नरड्यावर ठेवली, अन् वरून आंगाचा सारा भार दिला.

बुवाचे डोळे बाहेर आले. जीभ बाहेर आली. पाय झाडत होता तो. अन् खरं सांगाचं त बुढीले थांबाचं नव्हतं. भितीपलीकडून बारा वर्सं जे आयकलं ते सारं त्या हातात उतरलं होतं, अन् हात म्हनत होता, आनखी थोडंसं दाब.

मंग ती वाकली. त्याच्या कानाशी तोंड नेलं. कपाळाचं रगत त्याच्या कानात गळत होतं.

"भाऊजी, सांगू का तुमच्या पुतनीले? तिच्या हातानं तुमी काय वाजोलं, कोनाच्या आवाजावर, सांगू?"

केशवरावचे डोळे फिरले. भावना तिकडं आपला दुपट्टा फाडून डफडेवाल्याचा कान बांधून राहिली होती. केशवरावले पोरगा नव्हता, पोरगी नव्हती. म्हातारपनी दर दिवाळीले अकोल्याहून बनियनची जोडी अन् गुडघ्याचं तेल घेऊन येनारी येवढी एकच होती. पाय झाडनं थांबलं.

"नको," तो घरघरला. "वयनी, पाया पडतो. तिले नको."

"मंग काय वाजन?"

"डफडं."

"आयकू नाई आलं. माहा कान फाटका आहे."

"डफडं!" बुवानं रगताची चूळ थुंकली अन् होता नव्हता तेवढा जोर लावला. "इंदूवयनीच्या मयतीत डफडंच वाजन! टाळ घेऊन जो येईन त्याचा हात मी तोडीन!"

आंगनात जो जिथं होता तो तिथंच थांबला. एकाच्या दातात दुसऱ्याचं बोट होतं, तेही त्यानं सोडलं. निंबावरचाही गप झाला.

दुपारी ओसरीवर जखमी लोकाइची रांग लागली. भावनाच्या बॅगेत सुई-दोरा सदा राहे. तिनं पयले परक्याइले शिवलं, मंग काकाच्या तोंडात कापूस कोंबून त्याले भितीशी बसोला, अन् शेवटी मायचं कपाळ हातात घेतलं.

"काय सांगितलंस काकाच्या कानात?"

"म्हनलं, टाळ वाजोला त भूत होऊन तुमच्याच ओट्यावर बसीन. रोज दूध-साखर मागीन."

"खरं सांग आई."

"भुताची कोनाले मस्करी सुचते का वं?"

भावना हासली, मंग तिचे डोळे भरले. सुई आत गेली, बाहेर आली. बुढीनं हूं का चूं केलं नाई. "ठीक आहे," भावना म्हने. "डफडं तर डफडं. पण माझं एक ऐक. मी एकटी टाळ घेईन हातात. हळू वाजवीन, कोणाला ऐकूही जाणार नाही. काकांच्या ओट्यावर बसून वाजवायची ना, तसा. तू घरात असायचीस अन् मला वाटायचं, आई ऐकते आहे."

भितीशी केशवरावच्या तोंडातला कापूस खाली पडला.

इंदूबाईनं डोळे मिटले. आंगनातल्या साऱ्या मारामारीत नसन लागलं तेवढं आता लागलं. गजेंद्रले जिंकता येते, मंडळाले जिंकता येते, नरड्यावर धार ठेवून बुवाले जिंकता येते. हिच्याशी कोनतं दांडकं घेऊन लढाचं?

"तुले टाळ धरता येनार नाई," ती म्हने.

"काहून?"

"खांदा कोन देईन मले? मले काय पोरगा आहे? पुढचा उजवा खांदा तुहा. बांबू दोन हातानं धरा लागते, नाई त मी पडीन नालीत. टाळ काय दातात धरशीन?"

भावनाची सुई थांबली. "आपल्या गावात बाया खांदा देत नाहीत, आई. स्मशानातही जात नाहीत."

इंदूबाईनं एक डोळा उघडला अन् भितीकडं वळोला. "देत नाई का हो, भाऊजी?"

केशवरावनं तोंड पुसलं. बिनदाताचे शब्द नीट निंगत नव्हते, पन निंगाले. "देतात," तो म्हने. "कोनी आडवा आला त मी आहो. अन् वयनी, चालत असन त मागचा खांदा माहा."

बुढीनं लई वेळ त्याच्याकडं पायलं. भावनानं मायच्या खांद्यावर कपाळ टेकलं. मंग तिनं नाक ओढलं, सिस्टरवानी सरळ झाली, दोघाइले डोळ्यानं मापलं.

"जमायचं नाही. मी उंच, काका ठेंगणे. तिरडी मागं उतरेल, तू घसरशील."

"मंग तो टाचा वर करून चालन," इंदूबाई म्हने. "मसनापर्यंत."

केशवरावनं आपल्या पायाकडं पायलं अन् हो म्हनून मान हालोली.